‘कळलं का?’ हा प्रश्न मी सोडला: दादरच्या संवादकौशल्य वर्गाचा अनुभव

मार्चमध्ये आमच्या रुग्णालयात वार्षिक मूल्यमापन होतं. यंदा माझ्या फॉर्मवर बाकी सगळीकडे ‘उत्तम’ आणि ‘कम्युनिकेशन’च्या रकान्यात ‘सुधारणा आवश्यक’. माझी नोकरी १६ वर्षांची, त्यातली ५ वर्षं सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर म्हणून. तो कागद घेऊन मी तडक मेट्रन मॅडमच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, "मॅडम, माझं इंग्रजी कच्चं आहे हे मला मान्य आहे, पण त्यासाठी..." त्यांनी मला तिथेच थांबवलं. "इंग्रजीचं कोण बोलतंय? मुली तुला घाबरतात गं. काही विचारायचं असलं तर तुला सोडून बाकी सगळ्यांना विचारतात."

तरीही त्या संध्याकाळी मी इंग्रजी संभाषणाचेच क्लास शोधत होते. संवाद सुधारायचा म्हणजे इंग्रजी सुधारायचं, हे डोक्यात इतकं घट्ट बसलं होतं. शोधता शोधता दादर पश्चिमेला, रानडे रोडजवळ चालणारा हा ‘व्यावसायिक संवादकौशल्य’ वर्ग सापडला. सहा रविवार, सकाळी १० ते १, फी ७,५०० रुपये. वर्गाचं नाव इथे देत नाही. खाली तक्रारीही आहेत, त्या मी शिकवणाऱ्या दोघांना समोर बसून सांगितल्या आहेत आणि माझ्यासाठी तो विषय तिथे मिटला. दादरला असे वर्ग बरेच आहेत. कुठलाही निवडताना काय बघावं, एवढं या लिखाणातून कळलं तरी पुरे.

जागा जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघ्यांचा त्रास असेल तर आधी फोन करून विचारा. खोली स्वच्छ, एसी ठीक, खुर्च्या गोलात मांडलेल्या. आम्ही १८ जण होतो. बँकेतले दोघे, गृहकर्ज विकणारा घाटकोपरचा एक तरुण, मुलुंडच्या शाळेतल्या बाई, एका सोसायटीचे सेक्रेटरी, नुकतीच पदवी झालेली पाच-सहा मुलं. मी डोंबिवलीहून यायचे. जाताना त्रास नाही, पण परतीला मेगाब्लॉक असला की घरी पोचायला दुपारचे तीन वाजायचे. सोमवारी सकाळी ८ ला ड्युटी असणाऱ्यांनी हा हिशेब आधीच धरावा.

पहिले दोन रविवार माझ्या दृष्टीने वाया गेले. हस्तांदोलन कसं करावं, मुलाखतीत खुर्चीत कसं बसावं, ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटल्यावर काय सांगावं. नव्या मुलांना याची गरज असेलच, पण मग त्यांची बॅच वेगळी काढावी. पंचेचाळिशीच्या बँक मॅनेजरला मुलाखतीची उत्तरं पाठ करायला लावण्यात काही अर्थ नाही.

आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर ती आकडेवारी आली: संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ टक्के, हावभावांचा ५५ टक्के. आमच्या रुग्णालयातल्या एका प्रशिक्षणातही मी ती पाहिली होती. तेव्हा खटकली म्हणून घरी येऊन वाचून काढलं होतं. हे आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या दोन छोट्या प्रयोगांतून आले आहेत. त्या प्रयोगांत ध्वनिमुद्रित केलेले सुटे शब्द ऐकवून आणि चेहऱ्यांचे फोटो दाखवून, बोलणाऱ्याला समोरचा माणूस आवडतो की नाही हे ओळखायला सांगितलं होतं. भावना आणि आवडनिवड यांपलीकडे हे सूत्र लागू होत नाही, असं मेहराबियन यांनी स्वतःच नंतर स्पष्ट केलं आहे. मी वर्गात हात वर करून विचारलं, "सर, रात्री दोन वाजता डॉक्टर फोनवर मला औषधाचा डोस सांगतात, तेव्हा शब्द फक्त सात टक्के कसे?" सरांनी हसून विषय पुढे नेला. फिफ्टीन आणि फिफ्टी यांत ऐकताना केवढासा फरक असतो, आणि रुग्णासाठी तो केवढा असतो! म्हणूनच आम्ही फोनवरचा डोस आकडा फोडून पुन्हा म्हणतो, ‘वन-फाइव्ह, फिफ्टीन’, आणि पलीकडून ‘हो’ आल्याशिवाय लिहीत नाही. तिथे सगळा भार शब्दांवरच असतो. हा वर्ग चालवणाऱ्यांनी ती स्लाइड काढून टाकावी, ही माझी पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार.

दुसऱ्या रविवारनंतर मी पैसे परत मागायच्या विचारात होते. तिसरा रविवार शिकवणाऱ्या दोघांपैकी दुसऱ्या, म्हणजे वर्गाच्या मॅडमनी घेतला आणि तिथून हा वर्ग माझ्यासाठी बदलला.

मॅडम नाटकातल्या. त्यांनी आम्हाला एकच शब्द दिला, ‘बरं’. होकाराचा बरं, नाइलाजाचा बरं, ‘पुढे सांग’ असा बरं, ‘बघून घेईन’ असा बरं, आश्चर्याचा, फोन ठेवतानाचा. प्रत्येकाने पाठ फिरवून एकेक म्हणायचा आणि बाकीच्यांनी ओळखायचं. सोसायटीच्या सेक्रेटरींनी होकार म्हणून म्हटलेला बरं आम्हा सगळ्यांना ‘तुझं काही खरं नाही’ असा ऐकू आला. ते गंभीर झाले. म्हणाले, "म्हणजे मीटिंगमध्ये लोक चिडतात ते यामुळे?" मॅडमनी उत्तर दिलं नाही, त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. सहा-सात वेळा. सातव्या वेळी तो बरं खरंच बरा वाटला.

मग प्रत्येकाने कामावरचं रोजचं एक वाक्य म्हणायचं होतं. मी म्हटलं, "काल सांगितलं होतं ना?" मॅडम म्हणाल्या, "पुन्हा म्हणा." पुन्हा म्हटलं. त्यांनी वर्गाला विचारलं, "हे ऐकल्यावर तुम्ही काय उत्तर द्याल?" पदवी झालेल्या मुलांपैकी एक मुलगी हळूच म्हणाली, "काहीच नाही. सॉरी म्हणेन आणि निघून जाईन."

त्या शेवटच्या ‘ना’वर आम्ही वीस मिनिटं घालवली. आपल्या भाषेत हा ‘ना’ फार गोड असतो, ‘ये ना’, ‘सांग ना’. पण भूतकाळाला जोडला की तो आरोप होतो. ‘सांगितलं होतं ना’, ‘माहीत होतं ना’, ‘वाचता येतं ना’. याला समोरच्याकडे उत्तरच नसतं. मी दिवसातून किती वेळा हे म्हणते, ते त्या सोमवारी वॉर्डात मोजलं. दुपारी दोनपर्यंत अकरा वेळा.

चौथा रविवार सरांचा. आधी त्यांच्याबद्दल जे लिहिलं ते लिहिलं, पण तो दिवस त्यांनी असा शिकवला की मी त्यांची ऋणी आहे. सुरुवातीला एक खेळ. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं, एकाच्या हातात एकमेकांना टेकलेल्या सहा आयतांचं चित्र, दुसऱ्याकडे कोरा कागद. पहिल्या फेरीत एकाने सांगायचं, दुसऱ्याने काढायचं, प्रश्न विचारायचा नाही. दुसऱ्या फेरीत दुसरं चित्र, पण हवे तेवढे प्रश्न विचारायची मुभा. पहिल्या फेरीत आमच्या नऊ जोड्यांपैकी एकाचंही चित्र जुळलं नाही. दुसरीत सहा जुळली, पण वेळ दुपटीहून जास्त लागला. सरांनी सांगितलं की असाच प्रयोग हॅरॉल्ड लेविट आणि रोनाल्ड म्युलर यांनी १९५१ मध्ये प्रसिद्ध केला होता आणि त्यांनाही हेच दिसलं: उलट विचारायची सोय असली की अचूकपणा वाढतो, वेळही जास्त लागतो. "तुमच्या कामात कुठे वेळ वाचवायचा आणि कुठे नाही, हे तुम्ही ठरवा," म्हणाले.

त्यानंतर टेनेरीफची गोष्ट. २७ मार्च १९७७, स्पेनच्या कॅनरी बेटांवरचा टेनेरीफ विमानतळ, धुकं, एकाच धावपट्टीवर दोन जम्बो विमानं. केएलएम या डच कंपनीच्या विमानाच्या कॅप्टनने उड्डाणाची परवानगी मिळालेली नसतानाच विमान पळवायला सुरुवात केली. पॅन ॲम (पॅन अमेरिकन) या अमेरिकी कंपनीचं विमान अजून धावपट्टीवरच होतं. केएलएमच्या कॉकपिटमधल्या फ्लाइट इंजिनिअरने विचारलंसुद्धा की ते पॅन अमेरिकन बाजूला झालंय ना? कॅप्टनने ठामपणे ‘हो’ म्हटलं. तो इंजिनिअर पुढे बोलला नाही. ५८३ माणसं गेली. त्यानंतर विमान वाहतुकीत ‘टेक-ऑफ’ हा शब्द प्रत्यक्ष परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असा दंडक आला, आणि कनिष्ठाने शंका बोलून दाखवावी आणि वरिष्ठाने ती ऐकावी, याचं रीतसर प्रशिक्षण जगभर सुरू झालं.

सर विमानांबद्दल बोलत होते आणि मला आमचा वॉर्ड दिसत होता.

जानेवारीतली गोष्ट. आमच्याकडे ड्युटी बदलताना ‘ओव्हर’ देतात, म्हणजे जाणारी सिस्टर येणारीला प्रत्येक रुग्णाची माहिती सांगते. त्या रात्री घाईत होते, आठची वेळ टळून गेली होती. मी चालता चालता सांगितलं, "एकवीस एनबीएम, सकाळी पहिली केस." एनबीएम म्हणजे तोंडाने काही द्यायचं नाही, पाणीसुद्धा. नवीन मुलगी होती, लातूरकडची, दोन महिने झालेले. तिने एकोणीस ऐकलं. मी नेहमीप्रमाणे विचारलं, "कळलं ना?" ती म्हणाली, "हो सिस्टर." सकाळी सहाला एकवीस नंबरच्या काकांना चहा-बिस्किटं मिळाली आणि एकोणीस नंबरच्या मावशी उपाशी राहिल्या. ऑपरेशन दुपारवर गेलं. काकांच्या मुलाने कामावरून सुट्टी काढली होती, तो संतापला, आणि त्याचा संताप रास्त होता. सुदैवाने कुणाला इजा झाली नाही. मुलीला मी सगळ्यांसमोर बोलले. तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मला शंका आली होती, पण तुम्ही घाईत होता." त्यावर मी काय म्हणाले असेन? "मग विचारायचं होतं ना!"

हे मी चौथ्या रविवारी वर्गात सांगितलं. पहिल्यांदाच कुणासमोर सांगत होते. सर मध्ये एक शब्द बोलले नाहीत. मग त्यांनी फळ्यावर ‘कळलं का?’ एवढं लिहिलं आणि विचारलं, "याचं ‘नाही’ असं उत्तर तुम्हाला आयुष्यात किती वेळा मिळालंय?" शाळेतल्या बाई म्हणाल्या, पंधरा वर्षांत बोटावर मोजण्याइतक्या वेळा. ‘कळलं का’ला आपल्याकडे ‘हो’ हेच उत्तर आहे. वरिष्ठ विचारतोय म्हटल्यावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे त्याचा वेळ खाणं आणि आपण मठ्ठ ठरणं. सरांनी सुचवलेला बदल अगदी साधा: ‘कळलं का’ऐवजी ‘आता तू काय काय करणार आहेस, ते मला एकदा सांग.’ आणि ते परीक्षा घेतल्यासारखं वाटू नये म्हणून आधी ‘मी नीट सांगितलं की नाही ते बघू दे’ असं म्हणायचं. मॅडमनी लगेच आवाजाची बाजू पकडली. हेच वाक्य दरडावून म्हटलं तर पुन्हा परीक्षाच.

रुग्णांच्या बाबतीत हे मी आधीपासून करत होते. डिस्चार्जच्या वेळी आजींना विचारतो, "गोळ्या कशा घेणार, मला सांगा बरं." आमच्या व्यवसायात ही मान्य पद्धत आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय प्रसिद्ध केले, त्यांत ड्युटी बदलतानाचा संवाद हा स्वतंत्र मुद्दा आहे. मला हे सगळं पाठ होतं. आजींना जो आदर देत होते तो त्या मुलीला दिला नव्हता, एवढंच.

पाचव्या रविवारी दुसऱ्याची चूक कशी सांगावी ते शिकवलं. तीन पायऱ्या आहेत: प्रसंग, त्या वेळचं प्रत्यक्ष वागणं, त्याचा परिणाम. स्वभावावर बोट ठेवायचं नाही. ‘तू निष्काळजी आहेस’च्या जागी ‘काल रात्री नऊ नंबरचा ड्रेन (जखमेतल्या नळीतून येणारा स्राव) मोजल्याची नोंद नाही, त्यामुळे सकाळी डॉक्टरांना ठरवता आलं नाही.’ शिकायला सोपं, करायला अवघड, कारण चिडलेलं असताना तोंडात आधी विशेषणच येतं. इथे वर्गाने सरावाला फार कमी वेळ दिला. जोहरी खिडकीवर तासभर गेला. जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगहॅम यांनी १९५५ मध्ये मांडलेली, दोघांच्या जो आणि हॅरी या नावांवरून ‘जोहरी’. संकल्पना चांगली आहे, आपल्याला न दिसणारं आपल्याबद्दलचं इतरांना दिसतं हे त्यातून पटतं, पण ते वीस मिनिटांत पटण्यासारखं आहे.

वर्गात राहून गेलेली मोठी गोष्ट म्हणजे वरच्या माणसाशी बोलणं. खालच्यांशी कसं बोलावं, ग्राहकाशी कसं बोलावं, सगळं झालं. साहेब चुकतोय असं दिसल्यावर काय? मी विचारलं तेव्हा सर म्हणाले, "तुमच्याकडे काय करतात?" मग मी एसबार सांगितलं. अमेरिकेच्या नौदलात अणुपाणबुड्यांवर वापरली जाणारी ही पद्धत, पुढे कैसर पर्मनेन्टे या तिथल्या आरोग्यसंस्थेने रुग्णसेवेत आणली. चार गोष्टी, याच क्रमाने: आत्ताची स्थिती, पार्श्वभूमी, माझा अंदाज, मला तुमच्याकडून काय हवंय. "सर, बारा नंबरचे आजोबा जरा बरोबर वाटत नाहीत," असं आरएमओंना, म्हणजे ड्युटीवरच्या निवासी डॉक्टरांना, सांगितलं तर "बघतो" असं उत्तर येतं. "सर, बारा नंबरच्या आजोबांचा बीपी ९०/६० आहे, अर्ध्या तासापूर्वी ११०/७० होता. सकाळी हर्नियाचं ऑपरेशन झालंय. ड्रेसिंग भिजलंय, मला ब्लीडिंगची शंका वाटते. तुम्ही आत्ता येऊन बघावं," असं सांगितलं की माणूस उठतो. अंदाज आणि मागणी हे शेवटचे दोन भाग बोलायला आमच्या मुली सगळ्यात जास्त कचरतात. ‘मी कोण सांगणारी?’ असं वाटतं.

घाटकोपरच्या तरुणाने ते वहीत उतरवून घेतलं. पुढच्या रविवारी सांगत होता, त्याच्या ब्रँचमध्ये अडकलेली एक फाइल त्याने मॅनेजरसमोर याच क्रमाने मांडली आणि पहिल्यांदा त्याचं पूर्ण ऐकून घेतलं गेलं. सरांनी पुढच्या बॅचपासून हे अभ्यासक्रमात घेणार असल्याचं सांगितलं. घेतलं असेल तर माझी ही तक्रार मागे समजावी.

भाषेबद्दल थोडं. वर्ग मराठीत चालतो, इंग्रजी शब्द भरपूर, पण कुणालाही ‘इंग्रजीत बोला’ म्हणून अडवलं नाही. माझ्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांना हा मोठा दिलासा. मुंबईत कामावर मराठी एकटी नसतेच. आमच्या वॉर्डात नातेवाईक हिंदीत, कुणी गुजरातीत, डॉक्टर इंग्रजीत, मावशी मालवणीत बोलतात. ज्याला जी भाषा येते तीत छोटी वाक्यं बोलायची आणि एका वाक्यात एकच सूचना द्यायची, हा मॅडमचा सल्ला या सगळ्या भाषांत चालतो. ‘अगं-तुगं’ की ‘अहो’, यावर मात्र आमच्यात वाद झाला आणि तो मिटला नाही. बँकेतल्यांचं म्हणणं, कामावर सगळ्यांना अहो. मला ते पटत नाही. रात्रपाळीत रडणाऱ्या बावीस वर्षांच्या मुलीला ‘अहो’ म्हटलं तर ती आणखी एकटी पडेल. पण तिला सगळ्यांसमोर काही सांगायचं असतं तेव्हा मी आता ‘सिस्टर’ म्हणून हाक मारते.

बाकी किरकोळ. छापील पुस्तिका जुजबी आहे. शेवटच्या रविवारच्या भाषणांचा व्हिडिओ तीन दिवसांत पाठवू म्हणाले होते, तीन आठवड्यांनी आला, तोही दोनदा आठवण केल्यावर. माझा एक रविवार ड्युटीमुळे चुकला असता, तर त्यांनी बुधवारी संध्याकाळी दुसऱ्या गटात बसू दिलं, जास्तीचे पैसे न घेता. प्रमाणपत्र मिळतं, आमच्याकडे त्याचा उपयोग नाही.

मुलाखतीची तयारी हवी असेल तर पहिले दोन रविवार तुमच्यासाठी आहेत. हाताखाली चार माणसं असतील तर तिसरा आणि चौथा अजिबात चुकवू नका. फक्त तेवढेच दोन मिळतील का, असं मी विचारून पाहिलं, सध्या तशी सोय नाही. स्टेजवरच्या भाषणासाठी जायचं असेल तर निराशा होईल, त्याचा सराव एकच दिवस आहे. पाचपैकी साडेतीन तारे. त्या दोन रविवारांचे वेगळे द्यायचे झाले तर पाच.

ओव्हर आता मी उभी राहून देते, चालता चालता नाही. आकडे फोडून सांगते, दोन-एक, एकवीस. शेवटी घेणारी मला तिच्या शब्दांत परत सांगते. सुरुवातीचे काही दिवस चार-पाच मिनिटं जास्त लागली आणि ‘गाडी चुकते’ म्हणून कुरकुर झाली. गेल्या आठवड्यात लातूरच्या त्या मुलीने मला मध्येच थांबवलं. "सिस्टर, सतरा नंबरचं अँटिबायोटिक तुम्ही रात्री दहा म्हणालात, चार्टवर आठ आहे." चार्ट बघितला. आठच होतं. मी बदलून सांगितलं, ती "हं" म्हणाली आणि आम्ही अठरा नंबरला गेलो.

पुढच्या बॅचला आमच्या वॉर्डातल्या दोघी जातायत. त्यांच्या रविवारच्या ड्युट्या मी बदलून दिल्या आहेत.